कर्करोगी भगिनींसाठीं फिरलेली झोळी



बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या एका स्त्रीची कथा आपण शुभवर्तमानांत दर वर्षीं ऐकतों. वैद्यांच्या दारीं तिनें आपली सारी पुंजी घातली होती आणि गुण मात्र तिळमात्र आला नव्हता. पुढें ती प्रभु येशूकडे आली. परंतु समोरून आली नाहीं. गर्दीच्या आडून, पाठीमागून, कोणाला कळूं न देतां तिनें त्याच्या वस्त्राच्या कांठाला हात लाविला. ह्या एका स्त्रीच्या अंगीं दोन दुःखें होतीं. एक रिकाम्या थैलीचें आणि दुसरें लाजेचें. प्रभूनें तिचा रोग तर बरा केलाच, परंतु तिला सर्वांसमक्ष "मुली" अशी हांकहि मारली. थैलीचें दुःख व लाजेचें दुःख हीं दोन्ही त्यानें एकाच वेळीं दूर केलीं.

स्मरणिकेसाठीं कांहीं ऐतिहासिक लेख द्यावा असा आग्रह संपादक मंडळानें मजपाशीं धरला, तेव्हां हीच स्त्री माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली. आपल्या देवळाची पायाभरणी, वेदी, घंटा, जुने धर्मगुरु ह्यांचा इतिहास इतर लेखक माझ्यापेक्षां चांगला लिहितील. मला येथें एका निराळ्या गोष्टीचा इतिहास सांगावयाचा आहे. स्तनाच्या कर्करोगानें गांजलेल्या गरीब स्त्रियांसाठीं सामान्य माणसांनीं, विशेषेंकरून स्त्रियांनीं, निरनिराळ्या देशांत वर्गणी कशी गोळा केली आणि त्या वर्गणीनें पैशाखेरीज आणखी काय साधलें, तो हा इतिहास होय. तो सांगण्याचें कारण माझ्यावरील एक जुनें ऋण आहे. तें आधीं मोकळेपणीं सांगतों.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मी वसईच्या पट्ट्यांतील दुसऱ्या एका गांवीं सहायक धर्मगुरु होतों. तेथें एक विधवा बाई फुलांचा धंदा करीत असे. पहांटेच्या गाडीनें पाटी घेऊन ती दादरच्या बाजारांत जाई व उन्हें चढण्यापूर्वीं घरीं परते. तिचें नांव मी येथें लिहीत नाहीं. कां, तें पुढें कळेल. एके वर्षीं ती देवळांत दिसेनाशी झाली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यास मी गांवांत हिंडत असतां तिच्या घरीं गेलों. खाटेभोंवतीं मोगऱ्याच्या फुलांचा ढीग होता. मला तें भक्तीचें चिन्ह वाटलें. जवळ गेल्यावर कळलें कीं, जखमेची दुर्गंधि झांकावी म्हणून तीं फुलें तेथें ठेविलीं होतीं. दोन वर्षांपूर्वीं स्तनांत गांठ लागली होती. मुलीचें लग्न व्हावयाचें होतें. हातांत पैसा नव्हता, आणि होता तो लग्नासाठीं राखलेला होता. ती मला एवढेंच म्हणाली, "फादर, दुखत नव्हतें. आणि असल्या जागेचें सांगूं तरी कोणाला?"

दादरच्या त्या बाजारापासून परळचें टाटा इस्पितळ पायीं अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. ती बाई वीस-पंचवीस वर्षें रोज त्या बाजारांत उतरत होती; तो अर्धा तास मात्र तिला कधीं चालतां आला नाहीं. मीं तिला रुग्णाभ्यंग दिला, आणि थोड्याच आठवड्यांनीं तिला मातीहि दिली.

घरीं परततांना माझ्या मनांत आलें तें असें. दर वर्षीं ५ फेब्रुवारीस मी वेदीवरून संत अगाथेची कथा सांगत असें. सिसिली बेटांतील कातानिया नगराची ही कुमारी, सम्राट देकियुसच्या छळांत सन २५१ च्या सुमारास हुतात्मा झाली. छळकांनीं तिचे स्तन कापले अशी परंपरा आहे, आणि म्हणूनच स्तनाच्या विकारानें पीडलेल्या स्त्रिया तिचा धांवा करतात. मिस्सेच्या प्राचीन रोमी प्रार्थनेंत तिचें नांव आजहि घेतलें जातें. संतिणीची ही कथा मला सांगतां येत होती. परंतु त्याच अवयवाच्या रोगाचें नांव त्याच वेदीवरून घेण्याचें धैर्य मला झालें नव्हतें. त्या बाईला सांगावयास कोणी नव्हतें, ह्यांत माझ्या मौनाचा वांटा होता.

ह्या बोचणीनें मी ह्या विषयावरील जुना इतिहास वाचूं लागलों. त्यांतून जें हातीं लागलें तें असें.

कर्करोग्यांसाठीं स्वतंत्र इस्पितळ काढण्याची कल्पना एका धर्मगुरूचीच होती, हें वाचून मला आनंद झाला. फ्रान्समधील रॅंस नगराच्या कॅथीड्रलचे कॅनन जां गोदिनो हे द्राक्षमळ्यांच्या उत्पन्नावर श्रीमंत झाले होते. त्यांनीं आपलें धन नगराच्या पाण्याच्या कारंज्यांस दिलें, आणि १७४० त कर्करोग्यांच्या इस्पितळासाठीं मोठी देणगी दिली. इमारत झाली, खाटा आल्या, रोगीहि आले. परंतु शेजारच्या लोकांस वाटलें कीं हा रोग स्पर्शानें पसरतो. तक्रारी वाढत गेल्या आणि अखेर १७७९ त तें इस्पितळ शहराबाहेर न्यावें लागलें. कर्करोग स्पर्शानें पसरत नाहीं हें आज शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. परंतु त्या काळीं एका माणसाच्या थैलीनें भिंती उभ्या राहिल्या, आणि भिंतींच्या पलीकडील माणसांची भीति होती तेथेंच राहिली. पुढें १७९२ त लंडनच्या मिड्लसेक्स इस्पितळांत सॅम्युएल व्हिटब्रेड नांवाच्या धनाढ्य मद्यव्यापाऱ्यानें कर्करोग्यांसाठीं एक दालन चालविण्यास पैसा दिला. रोगी तेथें बरा होईपर्यंत किंवा मरेपर्यंत राहूं शकत असे. हीहि मोठीच दया. तथापि तीहि एकाच हातची.

दुसरी रीत निघाली ती लियों नगरांत. जान गार्निये नांवाची एक तरुण स्त्री. पति गेला, दोन्ही मुलें गेलीं. ऐन तारुण्यांत सर्व संसार मातींत मिळाल्यावर तिनें आपल्यासारख्याच विधवांना एकत्र केलें. १८४२ त त्यांची मंडळी स्थापन झाली, आणि जिला कोणतेंहि इस्पितळ ठेवून घेत नसे अशा कर्करोगी स्त्रीस त्या आपल्या घरांत ठेवूं लागल्या. ह्या मंडळीचें वैशिष्ट्य असें कीं, ती मठवासी जोगिणींची नव्हती. संसारांतल्याच ह्या बायका. कांहीं तेथें राहून सेवा करीत, कांहीं ठराविक दिवशीं घरून येऊन जखमा धूत, आणि ज्यांना तें झेपत नसे त्या ओळखीपाळखीच्या घरीं जाऊन वर्गणी आणीत. वाचकहो, ही तिसरी मंडळी लक्षांत ठेवा. जी स्त्री सकाळीं जखम पाहून येई ती संध्याकाळीं शेजारणीच्या ओटीवर बसून पैसे मागत असे, आणि मागतांना काय पाहिलें तें सांगत असे. गोदिनो महाशयांच्या इस्पितळाबाहेर जी भीतीची भिंत उभी राहिली, ती लियोंच्या ह्या बायकांनीं घराघरांत जाऊन थोडी थोडी पाडली. जान गार्निये १८५३ त वारली. परंतु १८७४ त पॅरिसमध्येंहि तिच्या मंडळीचें घर निघालें.

ह्याच रीतीचा परिपाक अमेरिकेंत झाला. तेथील सुप्रसिद्ध कादंबरीकार नॅथॅनिअल हॉथॉर्न ह्यांची धाकटी कन्या रोझ १८५१ त जन्मली. तिचें जीवन सुखाचें म्हणतां येणार नाहीं. एकुलता एक मुलगा चवथ्या वर्षींच दगावला. १८९१ त ती व तिचा पति दोघेंहि कॅथॉलिक ख्रिस्तसभेंत आलीं. परंतु पतीच्या व्यसनामुळें पुढें दोघांना वेगळें राहावें लागलें. अशांत तिच्या कानीं एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीची हकीकत आली. त्या स्त्रीस कर्करोग झाला. पैसा होता तोंवर उपचार झाले, आणि पैसा सरल्यावर तिला न्यूयॉर्कच्या नदींतील एका बेटावर, निराधारांच्या सरकारी आश्रमांत पाठविण्यांत आलें. बरें न होणाऱ्या रोग्यास त्या काळीं इस्पितळें ठेवून घेत नसत. ही हकीकत रोझच्या अंतःकरणांत कायमची रुतली.

१८९६ च्या उन्हाळ्यांत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, ती न्यूयॉर्कच्या कर्करोग इस्पितळांत जखमा बांधण्यास शिकली. नंतर शहरांतील अत्यंत गरीब वस्तींत एका चाळींत तिनें खोल्या भाड्यानें घेतल्या, स्वतः घासूनपुसून साफ केल्या, आणि त्यांत रोगी स्त्रिया आणून ठेविल्या. ॲलिस ह्यूबर नांवाची एक तरुण चित्रकार आठवड्यांतून एक दुपार मदतीला म्हणून आली ती जन्माची तेथलीच झाली. १९०० च्या डिसेंबर महिन्यांत ह्या दोघींनीं संत डोमिनिकच्या पंथाचा वेष धारण केला, आणि रोझ हॉथॉर्नची मदर मेरी अल्फॉन्सा झाली.

तिचा मुख्य नियम असा कीं, रोग्याकडून किंवा त्याच्या नातलगांकडून एक पैसाहि घ्यावयाचा नाहीं. मग खर्च चालावा कसा? ह्यासाठीं तिनें लेखणीची झोळी केली. वडिलांकडून तिला द्रव्य फारसें मिळालें नव्हतें. मिळाली होती ती शब्दांची देणगी. ती वर्तमानपत्रांना पत्रें लिही, स्वतःचें एक लहानसें मासिक काढी, आणि आज एका रोगिणीला कशाची गरज आहे तें साध्या शब्दांत वाचकांस सांगे. तिच्या साह्यकर्त्यांत मार्क ट्वेनसारखे नामांकित लेखक होते, तसेच अज्ञात गरीबहि होते. ह्या वर्गणींतून १८९९ त शहरांत एक घर विकत घेतलें गेलें, व १९०१ त शहराबाहेरील टेंकडीवर 'रोझरी हिल' हें मोठें घर मिळालें. मदर अल्फॉन्सा ९ जुलै १९२६ रोजीं प्रभूच्या घरीं गेली. तिच्या पंथभगिनी आजहि रोग्याकडून मोबदला घेत नाहींत. २०२४ त पोप फ्रान्सिस ह्यांनीं तिचे सद्गुण वीरोचित असल्याचें मान्य करून तिला 'आदरणीय' ही पदवी दिली.

तिच्या लेखांचा परिणाम केवळ तिजोरीवर झाला असें मानणें चूक होईल. कर्करोग म्हणजे एकाद्या घराण्याचा कलंक, तो बोलूं नये, असें तेथील सभ्य समाज समजत असे. ज्या वाचकानें अर्धा डॉलर पाठविला त्यानें ती हकीकत आधीं वाचली होती. म्हणजे निदान तितक्यापुरता तो त्या चाळींतील खाटेपाशीं जाऊन आला होता.

ह्यानंतर हें काम मठाबाहेर पडून गांवोगांव पसरलें. कर्करोग-निवारणासाठीं डॉक्टरांनीं व नागरिकांनीं १९१३ त अमेरिकेंत एक संस्था काढली होती. परंतु वीस वर्षांत ती फारशी लोकांपर्यंत पोंचली नव्हती. १९३६ त मार्जरी इलिग नांवाच्या बाईनीं सुचविलें कीं, स्त्रियांची एक सेनाच उभारावी. 'विमेन्स फील्ड आर्मी' असें तिचें नांव. खाकी गणवेष घातलेल्या ह्या स्वयंसेविका घरोघर, रस्त्यारस्त्यांवर जाऊन वर्गणी गोळा करीत, आणि त्याच वेळीं रोगाचीं पहिलीं लक्षणें लोकांस समजावून देत. १९३५ त साऱ्या देशांत ह्या कार्यांत १५,००० माणसें होतीं; १९३८ च्या अखेरीस ती संख्या दहापट झाली.

तरीहि लाज एकाएकीं हटली नाहीं. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांची एक सहायक मंडळी काढावी म्हणून एका बाईनें न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राकडे जाहिरात दिली. उत्तर आलें कीं, 'स्तन' व 'कर्करोग' हे दोन्ही शब्द आम्हांस छापतां येत नाहींत. 'छातीच्या भिंतीचे विकार' असें म्हटलें तर चालेल काय? तो निरोप ऐकून बाईंनीं जाहिरातीचा नाद सोडला. मी ती हकीकत वाचून त्या संपादकाला हंसलों नाहीं. मला माझीं संत अगाथेचीं प्रवचनें आठवलीं.

त्याच सुमारास, १९५२ त, तेरीज लॅसर नांवाच्या स्त्रीनें स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर एक साधी गोष्ट आरंभिली. ती इस्पितळांत नव्या रोगिणींना भेटूं लागली. बरोबर एक लहानशी पेटी असे. तींत काढलेल्या स्तनाच्या जागीं पोलक्यांत ठेवावयाची एक मऊ उशी, आणि आखडलेल्या हाताच्या व्यायामासाठीं एक रबरी चेंडू व दोरी. पेटी स्वस्तांतली, परंतु ती आणून देणारी बाई स्वतः त्या वाटेनें गेलेली व जिवंत परतलेली असे. हें औषध कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

सत्य सांगावयाचें तर ह्या इतिहासाची एक काळी बाजूहि आहे. आज जगभर ह्या रोगाचें चिन्ह म्हणून गुलाबी फीत दिसते. तिच्या आधीं कॅलिफोर्नियांतील शार्लट हेली नांवाच्या बाई आपल्या घरीं पीच फळाच्या रंगाच्या फिती करून हातोहात वांटीत, आणि सोबतच्या पत्रकांत सरकारी निधीचा किती अल्प भाग कर्करोग टाळण्याच्या कामीं लागतो तें सांगत. १९९२ त एका मासिकानें व सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनें त्यांची फीत मागितली. धंद्यासाठीं ती देण्यास बाईंनीं नकार दिला, तेव्हां रंग बदलून गुलाबी करण्यांत आला. त्या गुलाबी फितीनें पुष्कळ पैसा जमला व पुष्कळांस रोगाची माहितीहि झाली, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु पुढें पुढें ती फीत लावून नाना प्रकारचा माल विकला जाऊं लागला, आणि त्यांतील किती पैसा रोग्यापर्यंत पोंचतो असा प्रश्न रोगिणींनाच विचारावा लागला. ह्यावरून धडा इतकाच कीं, झोळी जितकी जवळची तितका तिचा हिशेब सोपा. जिच्यासाठीं मागावयाचें ती चार घरांपलीकडे असली म्हणजे पैसा वाटेंत हरवत नाहीं.

आतां आपल्याकडे येऊं. मुंबईंत परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक इस्पितळ उघडलें. लेडी मेहेरबाई टाटा ह्या १९३१ त रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. दुसऱ्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजी हेहि गेले. त्यांच्या नांवच्या विश्वस्तनिधींतून हें इस्पितळ उभें राहिलें. १९५७ त तें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ त अणुशक्ति खात्याकडे गेलें. १९५१ त डॉ. जस्सावाला व श्री. नवल टाटा ह्यांनीं 'इंडियन कॅन्सर सोसायटी' स्थापिली, आणि स्वयंसेवेचें काम सुरू झालें. दूरदूरच्या गांवांहून येणाऱ्या रोग्यांस राहण्यासाठीं दादरला संत गाडगे महाराजांच्या नांवची धर्मशाळा आहे. शेंकडों कर्करोगी व त्यांचे सोबती तिच्या आसऱ्यानें उपचार पुरे करतात. आणि १९८६ त वांद्र्याला, माउंटमेरीच्या टेंकडीजवळ, डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांच्या प्रयत्नानें 'शांति आवेदना सदन' निघालें. ज्या रोग्यांवर आतां उपाय उरला नाहीं अशांची तेथें होली क्रॉस पंथाच्या सिस्टर्स विनामूल्य सेवा करतात. मदर अल्फॉन्सेच्या चाळींतील दिवा जणूं आपल्या अंगणांत पेटला.

मुंबईनेंच जगाला आणखी एक गोष्ट दाखवून दिली. १९९८ पासून टाटा इस्पितळाच्या डॉक्टरांनीं शहरांतील गरीब वस्त्यांत ३५ ते ६४ वर्षें वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकीं सुमारें अर्ध्या स्त्रियांची, शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातानें स्तनतपासणी केली. अशा चार फेऱ्या झाल्या. यंत्र नाहीं, क्ष-किरण नाहीं. वीस वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२१ त प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेंत सांपडला. आणि पन्नाशीच्या वरच्या स्त्रियांत ह्या रोगानें होणारे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं कमी झाले. पन्नाशीखालील स्त्रियांत मृत्यूंच्या बाबतींत तसा फरक दिसला नाहीं हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु जाणत्या बाईचे दोन हात आणि वेळेवर उघडलेलें तोंड ह्यांची किंमत किती, हें त्यावरून कळतें. भारतांत २०२२ ह्या एका वर्षांत सुमारें १,९२,००० स्त्रियांस हा रोग नव्यानें झाल्याचा व सुमारें ९८,००० स्त्रिया त्यानें दगावल्याचा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. त्यांतील कित्येक जणी केवळ उशिरा आल्या म्हणून गेल्या.

कोणी म्हणेल, "फादर, आतां सरकारी योजना आहेत, मग वर्गणी कशाला?" खरें आहे. महाराष्ट्रांत २०१२ पासून जी आरोग्य योजना सुरू झाली आणि जिला पुढें महात्मा जोतिराव फुले ह्यांचें नांव मिळालें, तिच्यांतून शस्त्रक्रिया, औषधोपचार व किरणोपचार ह्यांचा मोठा भार उचलला जातो. त्याबद्दल आपण कृतज्ञ असावें, आणि कागदपत्रें जमविण्यास अडाणी रोगिणीला मदत करावी. परंतु गाडीभाडें, सोबत आलेल्या मुलीची बुडालेली मजुरी, उपचारांच्या दिवसांतील दूध व फळें, सुजलेल्या हाताची पट्टी, पोलक्यांतील मऊ उशी, हा खर्च कोणत्या योजनेंत बसावयाचा? मोठ्या खर्चाला भिऊन कांहीं बाया घरीं राहतात, तशाच कांहीं ह्या लहान लहान खर्चांना कंटाळून उपचार अर्धवट सोडतात.

अशा लहान खर्चासाठीं लहान दानाचीच रीत योग्य, आणि ती महाराष्ट्राच्या व गोव्याच्या मातींत मुरलेली आहे. एकेक पैसा मागून अंताजीपंत काळे ह्यांनीं पैसा फंड उभारला, आणि त्यांतून तळेगांवला १९०८ त कांचेचा कारखाना निघाला. त्याच वर्षीं पणजीस मूठमूठ तांदूळ गोळा करून मुष्टिफंड संस्थेनें शिक्षणाचें काम आरंभिलें. ज्या प्रभूनें मंदिरांत श्रीमंतांच्या मोहरांपेक्षां विधवेचीं दोन नाणीं मोठीं मानलीं, त्याच्या अनुयायांना हें निराळें शिकवावयास नको.

त्या फुलवाल्या बाईच्या मागें आमच्या त्या गांवींहि असेंच झालें. मासिक स्मृतीच्या मिस्सेनंतर तिच्या आळींतील बायका माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, दर रविवारीं आम्ही मूठभर तांदूळ बाजूला काढूं, विकून येईल तें असल्या दुखण्याला लावा." पुढच्या ५ फेब्रुवारीस मीं वेदीवरून प्रथमच त्या रोगाचें नांव घेतलें. माझा आवाज कांपला. परंतु मिस्सेनंतर दोन स्त्रिया सिस्टरांना भेटावयास थांबल्या.

येथें मला दुसरी चूकहि कबूल केली पाहिजे. पहिलें वर्ष संपल्यावर हिशेब चोख दाखवावा ह्या हौसेनें मीं रविवारच्या मिस्सेंत कोणत्या घराला किती मदत झाली तें नांवानिशीं वाचून दाखविलें. त्यानंतर एक रोगीण देवळांत येईना व मदतहि घेईना. तिच्या भावानें येऊन मला सांगितलें, "फादर, तुम्हीं तिला गांवांत उघडें केलेंत." मी तिच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. प्रभूनें त्या स्त्रीस गर्दींतून पुढें बोलाविलें तें तिला मान देण्यासाठीं. मीं माझ्या हिशेबाला मान मिळावा म्हणून हिला पुढें ओढलें होतें. तेव्हांपासून त्या गांवीं नियम झाला कीं, जमा किती व खर्च किती हें दारावर लावावें; देणाऱ्याचें नांव लिहूं नये आणि घेणाऱ्याचें तर उच्चारूंहि नये. रोगाचें नांव उघड असावें, रोगिणीचें झांकलेलें असावें. आपण नेमकें उलट करीत आलों आहों: रोगाचें नांव ओठांवर येऊं देत नाहीं, आणि अमकीला तें झालें ही वार्ता मात्र विहिरीपासून बाजारापर्यंत पोंचवितों.

रॅंसपासून वसईपर्यंतच्या ह्या अडीचशेंहून अधिक वर्षांच्या कथेचें सार मला इतकेंच दिसतें. मोठी देणगी इमारत उभी करते, आणि तिची गरज आहेच. परंतु इमारतीच्या दारापर्यंत रोगिणीला आणण्याचें काम शेजारीण करते. झोळी घेऊन जी दारीं येते तिला कशासाठीं मागतें तें सांगावें लागतें, आणि जी मूठभर तांदूळ घालते तिला तें ऐकावें लागतें. अशा रीतीनें वर्षभर ज्या घरांत तें नांव ऐकूं येत राहिलें, त्या घरांतील स्त्रीला गांठ लागली तर सांगूं तरी कोणाला, असें तिला वाटणार नाहीं. ती झोळीवालीलाच सांगेल.

आपल्या देवळाच्या ज्युबिलीनिमित्त रोषणाई होईल, मिरवणूक निघेल, वाद्यें वाजतील. आणि तें योग्यच आहे. परंतु जुन्या करारांत ज्युबिलीचा अर्थ प्रथम ऋणमोचन असा आहे. माझें ऋण मीं वर लिहिलें आहे. तें फेडण्याचा एकच मार्ग मला दिसतो. येत्या संत अगाथेच्या सणापासून आपल्याहि पॅरिशमध्यें, प्रत्येक आळींत दोन भगिनींनीं अशी झोळी धरावी, ती जातपात व धर्म न पाहतां गांवांतील कोणत्याहि रोगिणीसाठीं रिकामी व्हावी, आणि वर्षांतून एकदां जाणत्या डॉक्टरीणबाईंकडून आपल्या सभागृहांत सर्व स्त्रियांची तपासणी व्हावी. पुरुषांनीं तांदूळ वाहून न्यावा, कागदपत्रें लिहावीं, रोगिणीस गाडींत जागा करून द्यावी. आणि घरांतील बाईनें "मला गांठ लागते" असें म्हटल्यास लग्नाची, शेताची, पैशाची सबब न सांगतां दुसऱ्या दिवशीं पहांटेची गाडी धरावी.

दादरहून परळला जावयास अर्धा तास लागतो. आपल्या गांवांतील कोणत्याहि बहिणीला तो अर्धा तास एकटीला चालावा लागूं नये, एवढें ह्या ज्युबिली वर्षांत आपल्या हातून घडो. संत अगाथा आपणांसाठीं विनंती करो, आणि प्रभु येशू आपल्या सर्व घरांस आशीर्वाद देवो.

आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरु